बॉनेट चकाचक, दिवे पिवळे

तंजावूरला पोस्टिंग आली हे कळल्यावर पुण्याहून मित्रांचे फोन आले. कुणी म्हणालं, सरस्वती महाल ग्रंथालय बघ. कुणी म्हणालं, मोठ्या देवळाच्या भिंतीवर सरफोजीराजांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला भोसल्यांच्या इतिहासाचा मराठी शिलालेख बघ आणि त्यावर लिही. दोन्ही पाहून झालं आहे, लिहिणारही आहे. पण आजचा लेख माझ्या गाडीच्या दिव्यांवर आहे. गेल्या जानेवारीत त्या दिव्यांपायी एक माणूस माझ्या चाकाखाली येता येता वाचला. ते लिहून टाकल्याशिवाय मला व्यंकोजीराजांकडे वळता येईना.

गाडी तशी साधीच. 2013 साली कॅन्टीनमधून घेतलेली, गडद निळी. फौजी माणसाचं घर दर दोन-तीन वर्षांनी बदलतं, सोफ्याचे पाय मोडतात, कपाटाची दारं लागेनाशी होतात. एवढ्या बदल्यांत आमच्याबरोबर टिकून राहिली ती ही गाडी. पठाणकोटला ती होती, जोधपूरला होती, मी फील्डला असताना पुण्यात कव्हरखाली उभी होती. लेक तिच्यातच मोठी झाली. त्यामुळे तिच्या रंगावर माझा जरा जास्तच जीव. रविवारी सकाळी बादली, दोन मऊ फडकी आणि मी, हा कार्यक्रम ठरलेला. बायको त्याला माझी पूजा म्हणते.

पुण्याहून तंजावूर सुमारे साडेबाराशे किलोमीटर. सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत बंगळूर. तिथं मुक्काम. मग होसूर, कृष्णगिरी, सेलम, नामक्कल, तिरुची आणि तंजावूर. नामक्कलच्या भागात लॉरीच्या बॉड्या बांधायचा मोठा धंदा आहे, आणि रस्त्यावर लॉऱ्याही तेवढ्याच. धर्मपुरी सोडल्यावर तोप्पूरच्या घाटाअलीकडे खडी भरलेल्या एका टिपरच्या मागं मी घाईघाईत चिकटलो. ताडपत्री अर्धवट बांधलेली. टक्, टक्, टक्. तीन खडे बॉनेटवर, एक बंपरवर. तंजावूरला पोचल्यावर टॉर्च घेऊन मोजले, तर जुने-नवे मिळून सतरा टवके निघाले. दोन ठिकाणी पत्रा उघडा पडलेला.

खरं तर दोष माझा. आमच्या ताफ्यात दोन गाड्यांमधलं अंतर आधी ठरवून दिलेलं असतं, आणि ते मोडलं तर ड्रायव्हरची खैर नसते. मागच्या गाडीला दगड लागू नये, पुढच्यानं ब्रेक मारला तर थांबता यावं, एका जागी सगळे सापडू नयेत, अशी त्याची बरीच कारणं. वीस वर्षं हे दुसऱ्यांना शिकवलं आणि स्वतःच्या गाडीत बसल्यावर विसरलो. पुढच्या टायरनं उडवलेला खडा बहुतेक वेळा हवेत जवळजवळ लटकलेला असतो. आपण आपल्या वेगानं जाऊन त्याला धडकतो. धडकेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. 80 च्या जागी 100 नं गेलात तर तोच खडा दीडपटीहून जास्त जोरानं लागतो. म्हणून रंग वाचवायचा पहिला उपाय फुकट आहे: खडी-वाळूच्या गाडीमागं रेंगाळू नका. अंतर वाढवा, नाहीतर मोकळी जागा मिळताच पुढे निघून जा.

गाडीचा रंग म्हणजे एक थर नसतो. पत्र्यावर आधी गंज धरू नये म्हणून एक थर, त्यावर प्रायमर, त्यावर दिसणारा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, म्हणजे आपण ज्याला रंग म्हणून मिरवतो तो दोन केसांपेक्षाही पातळ. टवका क्लिअर कोटपुरता असेल तर नुसता दिसायला वाईट. पत्र्यापर्यंत गेला असेल तर गंज आत शिरतो आणि रंगाखालून पसरतो. तंजावूरला समुद्र फार लांब नाही आणि इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. आपल्याकडे दिवाळीत गाडी धुऊन उन्हात लावतो, इथं त्याच दिवसांत ती रोज भिजते.

टवके मी स्वतः भरले. ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी सांगतो. रंगाचा कोड गाडीच्या दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली स्टिकरवर असतो, त्याच कोडचा टच-अप रंग आणायचा. जागा धुऊन, वाळवून, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरच्या टोकानं तेवढाच खरवडायचा. पत्रा दिसत असेल तर प्रायमरचा ठिपका. मग बाटलीतला ब्रश न वापरता दातकोरणीच्या टोकानं रंगाचा थेंब सोडायचा. एक जाड थेंब नको. दोन-तीन पातळ, मधे वाळू देऊन. शेवटी क्लिअर कोट. टवका दिसायचा पूर्ण जात नाही, पण गंज थांबतो, आणि तेच काम.

त्यावर समाधान मानायला हवं होतं. पण मी तिरुचीला जाऊन बॉनेट, बंपर, पुढचे मडगार्ड आणि आरसे यांच्यावर पारदर्शक फिल्म बसवून घेतली. तेवढ्या पैशांत नवा फ्रिज आला असता, असं बायको म्हणाली. मी तिला फिल्मचा इतिहास ऐकवला. ही पॉलियुरेथेनची फिल्म, साधारण दीडशे ते दोनशे मायक्रॉन जाड. तिचं मूळ फौजी आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळू-खड्यांनी झिजत, म्हणून अमेरिकनांनी त्यांवर अशी पट्टी चिकटवायला सुरुवात केली. पुढं ती शर्यतीच्या गाड्यांवर आली आणि मग तुमच्या-आमच्या. चांगल्या फिल्मवरचे बारीक ओरखडे उष्णतेनं आपोआप भरून येतात, आणि तंजावूरच्या उन्हात त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

इथं एक गैरसमज दूर करतो, कारण बऱ्याच निवृत्त मित्रांनी विचारलं आहे. सिरॅमिक कोटिंग म्हणजे फिल्म नव्हे. ते फार पातळ असतं. पाणी ओघळून जातं, पक्ष्यांची घाण चिकटून बसत नाही, धुणं सोपं होतं. पण दगड ते अडवत नाही. दगडासाठी जाडी लागते, आणि स्वतः मार खाऊन खालच्याला वाचवणारा थर लागतो.

असा थर काय करू शकतो याचं उदाहरण इथल्या मोठ्या देवळात आहे. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात, जिथं एरवी कुणाला सोडत नाहीत, भिंतीवर नायक राजांच्या काळातली चित्रं होती. 1931 मध्ये अण्णामलई विद्यापीठाचे एस. के. गोविंदस्वामी यांना तिथं पडझड झालेल्या गिलाव्याखाली आणखी जुनी चित्रं दिसली. ती चोळांच्या काळातली, राजराजाच्या या देवळाइतकीच जुनी, म्हणजे हजार वर्षांपूर्वीची निघाली. वरच्या थरानं खालचा झाकला आणि झाकून राखला. पुढे पुरातत्त्व खात्यानं वरची चित्रंही न मोडता सोडवून वेगळ्या फलकांवर बसवली. त्या चित्रांच्या छायाचित्रांसमोर उभा असताना मी मनात माझ्या बॉनेटचा विचार करत होतो, हे कबूल करायला लाज वाटते. पण करत होतो.

फिल्म बसवणारा मुलगा विशी-बाविशीचा. काम झाल्यावर त्यानं हेडलाइटवर बोट टेकवलं. "सार, हे फार पिवळे झालेत. पॉलिश करून वर फिल्म लावू?" खर्च आधीच ठरवलेल्याच्या वर गेला होता. मी म्हणालो, "नंतर बघू." जोधपूरच्या तीन उन्हाळ्यांत गाडी उघड्यावर उभी होती, तेव्हापासून दिवे पिवळट होते. मला त्याची सवय झाली होती. दिवे लागत होते ना? बल्ब ठीक होते ना? मग झालं तर.

आता जानेवारीची गोष्ट.

तिरुवय्यारूला कावेरीकाठी त्यागराजांची समाधी आहे. दरवर्षी पौष वद्य पंचमीला तिथं आराधना होते, शेकडो गायक-वादक एकत्र बसून गातात. तंजावूरपासून जेमतेम 13 किलोमीटर. संध्याकाळी आम्ही तिघं गेलो, रात्री साडेदहाला परत निघालो. मुख्य रस्त्यावर गर्दी होती, म्हणून मी कालव्याच्या कडेनं जाणारा आडरस्ता धरला. पोंगल नुकताच झालेला. सांबा भाताची कापणी चालू. हवेत थोडं धुकं. लेक मागं झोपलेली. वेग पन्नासच्या आसपास.

या दिवसांत इथले शेतकरी भात डांबरी रस्त्यावर वाळवतात. बाहेरून येणाऱ्याला राग येतो, मलाही यायचा. कारण नंतर कळलं. सरकारी खरेदी केंद्रावर भातातला ओलावा मोजतात. नियमाची मर्यादा 17 टक्के. कधी पावसामुळे सूट मिळते, पण एरवी भात ओलं म्हणजे परत. प्रत्येकाकडे खळं नाही, आणि गावात सगळ्यात कोरडी, सपाट, तापलेली जागा म्हणजे रस्ता. दिवसभर भात पसरायचं, पायानं सरी ओढत फिरवायचं, रात्री रास करून ताडपत्री घालायची. ताडपत्रीच्या कडेला दगड ठेवायचे. आणि शेजारी झोपायचं, कारण ती रास म्हणजे त्याचं सहा महिन्यांचं सगळं उत्पन्न.

मला आधी काही दिसलंच नाही. मग एकदम काळपट ताडपत्री, आणि तिच्या अलीकडे रस्त्यावर आडवं काहीतरी. ते पोतं नव्हे, माणूस आहे, हे कळायला जो वेळ गेला तो अजून मला रात्री जाग आणतो. ब्रेक मारला आणि उजवीकडे स्टिअरिंग तोडलं. गाडी दोन दगडांवरून गेली. बंपरचा खालचा भाग फुटला, गाडी तिरकी होऊन कालव्याच्या कठड्याच्या अलीकडे थांबली. डावं पुढचं चाक आणि त्या माणसाचं डोकं यांत हातभर अंतर होतं. मी उतरून पाहिलं म्हणून सांगतो.

म्हातारा सत्तरीच्या पुढचा. डोक्यावरून चादर ओढून झोपलेला. तो उठून बसला. शिवी देईल, ओरडेल, गाव गोळा करेल असं वाटलं. केलं असतं तरी बरोबर होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं आणि विचारलं, "लाइट पोडलैया, सार?"

लाइट लावला नाही का, साहेब?

दिवे चालू होते. मी बोटानं दाखवले. तो उठला, गाडीच्या समोर गेला, वाकला. खांद्यावरच्या पंचानं त्यानं डाव्या दिव्याची काच पुसली. त्याला वाटलं धूळ आहे. जोरानं पुसली. परत पाहिलं. पिवळेपणा तसाच. मग त्यानं पंचा खांद्यावर टाकला, मागं झोपलेल्या माझ्या लेकीकडं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "मेदुवा पोंग." हळू जा. मला तमिळ फार येत नाही. येत होतं तेवढं बोललो, "मन्निच्चिडुंग, अय्या." माफ करा. त्यानं हात हलवला आणि सरकलेले दगड परत ताडपत्रीच्या कडेला लावायला लागला. मी लावू लागलो.

घरी पोचेपर्यंत बायको एक शब्द बोलली नाही. गाडी लावल्यावर मी सवयीनं टॉर्च मारून बॉनेट पाहिलं. एक ओरखडा नव्हता. फिल्मनं तिचं काम केलं होतं. बायको दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. मी टॉर्च बंद केला.

त्या रात्री मला खडकवासल्याचं ड्रिल स्क्वेअर आठवलं. पहिल्या टर्मला मी बुटांचे टो इतके घासले होते की त्यात तोंड दिसायचं. उस्ताद समोर येऊन थांबले. मला वाटलं शाबासकी मिळणार. ते म्हणाले, "तलवा दिखाओ." मी पाय मागं उचलला. तळाचे दोन खिळे गायब होते. पुढं काय झालं ते खडकवासल्याच्या पोरांना सांगायला नको. एवढं मात्र सांगतो, सायकल डोक्यावर घेतली की तिचं खरं वजन कळतं. तेव्हा शिकलेलं मी पंचवीस वर्षांनी पुन्हा शिकत होतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या एमटी हवालदारांना गाडी दाखवली. ते साताऱ्याकडचे. त्यांनी दिवे लावून, तळहात समोर धरून पाहिलं. "साहेब, बल्ब बराय. काच गेलीया." काच म्हणतो आपण, पण ती काच नसते. जुन्या जीपला खरी काच असायची, दगडानं फुटायची पण पिवळी पडायची नाही. आताच्या गाड्यांना पॉलिकार्बोनेट असतं. ते सहजी फुटत नाही, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्यावरचा संरक्षक लेप खराब होतो, पिवळा पडतो, आणि वाळू-खड्यांच्या बारीक माऱ्यानं पृष्ठभाग खरबरीत होतो. मग उजेड पुढं जायच्या ऐवजी तिथंच विखुरतो. गाडी चालवणाऱ्याला कळत नाही, कारण हे एका रात्रीत होत नाही. अमेरिकेतल्या ट्रिपल-ए या मोटारचालकांच्या संघटनेनं 2018 मध्ये असे जुने दिवे तपासले, तेव्हा नव्या दिव्याच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकाच उजेड त्यातून बाहेर पडत होता.

त्याचा हिशेब मी कागदावर मांडला. ताशी 50 नं गाडी सेकंदाला जवळपास 14 मीटर जाते. दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा, 21 मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी 14. एकूण 35 मीटर. माझे दिवे त्या धुक्यात धड 25 मीटरही दाखवत नव्हते. म्हणजे मी न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी चालवत होतो, आणि तो माणूस वाचला तो माझ्या कौशल्यानं नाही.

दिवे मी स्वतः घासले. सरकारी माणसाला खासगी गाडीला हात लावायला सांगणं मला पटत नाही, आणि हे काम मीच करायला हवं होतं. रीत अशी. दिवा धुवायचा, भोवतालच्या रंगावर मास्किंग टेप लावायची. 800 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, पाणी सोडत घासायचं. आधी पिवळट पाणी येतं, मग पांढरं. पांढरं आलं की जुना लेप निघाला. मग 1500, 2000, 3000. या वेळी दिवा आणखी धुरकट दिसतो आणि आपण वाट लावली असं वाटतं. घाबरायचं नाही. शेवटी पॉलिशिंग कंपाउंडनं घोटलं की काच उघडते. पण इथं थांबू नका. जुना लेप आपण काढून टाकलेला असतो, तसंच सोडलं तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं. वर अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट किंवा हेडलाइटची पारदर्शक फिल्म हवीच. टूथपेस्टनं घासायचा घरगुती उपाय चार दिवसांचा. काचेच्या आत पाणी किंवा धुकं धरत असेल, तर बाहेरून कितीही घासून उपयोग नाही, सील बघा किंवा दिवाच बदला.

आणखी तीन गोष्टी. जास्त वॉटचे बल्ब टाकू नका. उष्णतेनं आतला आरसा आणि काच खराब होते आणि समोरच्याचे डोळे दिपतात. दिव्यावर काळपट फिल्म किंवा जाळी लावू नका. आमच्या जुन्या ट्रकांना जाळ्या असायच्या, 1971 च्या युद्धात तर दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवायचे. त्याला कारणं होती, तुमच्या सोसायटीतल्या गाडीला ती नाहीत. बंपरसमोर लोखंडी बार लावून दिवे वाचवण्याच्या फंदातही पडू नका. केंद्र सरकारनं 2017 मध्येच त्यांच्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे, आणि तो बार पायी चालणाऱ्याला जास्त लागतो. शेवटी, दिव्यांचा कोन तपासा. सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटरवर गाडी लावायची, लो बीमची वरची रेघ दिव्याच्या उंचीपेक्षा साधारण दहा सेंटीमीटर खाली पडली पाहिजे.

या सगळ्याला फिल्मच्या खर्चाचा अगदी छोटा हिस्सा लागला, आणि एक रविवार.

फिल्म वाईट नाही. ज्याला परवडते त्यानं जरूर लावावी. पण क्रम चुकवू नका. बॉनेटचा रंग आपल्यासाठी असतो. दिवे आपल्यासाठी असतात तेवढेच त्या रस्त्यावर असलेल्या दुसऱ्या माणसासाठीही असतात, आणि तो माणूस येऊन सांगत नाही की तुमचे दिवे पिवळे झालेत.

आठ दिवसांनी संध्याकाळी मी एकटाच त्या आडरस्त्यानं गेलो. अंधार पडला होता. लांबूनच दगडांची रांग दिसली, एकेक दगड वेगळा. रास लहान झाली होती. म्हातारा ताडपत्रीवर बसून पोत्याचं तोंड शिवत होता. मी वेग अगदी कमी केला, तरी त्यानं झटकन डोळ्यांवर आडवा हात धरला. माझा हाय बीम चालू होता. लो बीमवर घेतला. त्यानं हात खाली केला, गाडी नीट पुढं जाईपर्यंत पाहिलं, आणि पुन्हा पोतं शिवायला लागला.